रेल्वेची नोकरी सोडून बास्केटबॉल अकादमी: राजीनामा आत्ता नको

प्रश्न: स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत लागून 17 वर्षं झाली, वय 41. खेळणं थांबलंय. राजीनामा देऊन, मिळणाऱ्या पैशातून मित्राच्या जागेवर 12 लाखांचं कोर्ट बांधून अकादमी काढायची आहे. 60 मुलं, महिना 1,500 रुपये फी धरली आहे. एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) 25 लाख आहेत, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 70 हजार. निर्णय बरोबर आहे का?

उत्तर: कोच व्हा, पण राजीनामा देऊन नाही. आणखी तीन वर्षं काढा.

सरकारी नोकरीत राजीनामा दिला की आधीची सेवा धुऊन निघते आणि ग्रॅच्युइटी जाते. 20 वर्षं पूर्ण करून, तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेतलीत, तर दर सहा महिन्यांच्या सेवेमागे पाव पगार, म्हणजे दहा पगार मिळतात. आजच्याच पगारावर ते 7 लाख होतात. एनपीएसचंही तसंच. राजीनाम्यानंतर खातं बंद केलंत, तर 80 टक्के रक्कम ॲन्युइटीत, म्हणजे ठरावीक पेन्शन देणाऱ्या विमा योजनेत अडकते आणि हातात येतात 5 लाख. कोर्टाचे 12 लाख त्यातून निघतच नाहीत. 20 वर्षांनंतर निवृत्तीचाच नियम लागतो, म्हणजे 60 टक्क्यांपर्यंत, 15 लाख. शिल्लक एलएपीचे (पगारी रजेचे) पैसे राजीनाम्यात निम्म्याच दिवसांचे मिळतात, तेही जास्तीत जास्त 150 दिवसांचे. शिवाय निवृत्तांची वैद्यकीय योजनाही 20 वर्षांच्या सेवेवरच मिळते. बास्केटबॉल खेळलेल्या माणसाला गुडघ्यांसाठी ती लागणारच.

मात्र तुम्ही यूपीएस (एकीकृत पेन्शन योजना) निवडली असेल, तर हिशेब बदलतो. तिथे 20 वर्षांनंतरच्या स्वेच्छानिवृत्तीवर खात्रीचं पेन्शन सेवेच्या प्रमाणातच मिळतं, पूर्ण हवं असेल तर 25 वर्षं लागतात, आणि ते सुरू होतं तुमच्या नियमित निवृत्तीच्या तारखेपासून.

आता अकादमी. 60 मुलं गुणिले 1,500 रुपये गुणिले 12 महिने म्हणजे 10 लाख 80 हजार, हा आकडा कागदावर छान दिसतो. उघडं कोर्ट जून ते सप्टेंबर ओलं असतं, आणि ओल्या ॲक्रिलिकवर (कोर्टावरच्या रंगीत थरावर) मुलांना पळवणं म्हणजे घोटे मोडायला बोलावणं. जानेवारीपासून दहावी-बारावीची मुलं गळतात. उन्हाळी शिबिरात गर्दी होते, पण ती मे संपता संपता ओसरते. म्हणून सुरुवातीला 40 मुलं आणि 8 महिनेच धरा: 4 लाख 80 हजार. त्यातून सहायकाचे महिना 15 हजार, जागेचे 10 हजार आणि बॉल-नेटचे वर्षाला 40 हजार वजा करा. उरतात 1 लाख 40 हजार, महिन्याला बारा हजारसुद्धा नाहीत. त्यात घर चालत नाही.

कोर्टावर 12 लाख घालायला माझा सरळ विरोध आहे. 28 बाय 15 मीटरचं मैदान, भोवती 2 मीटर मोकळी जागा, म्हणजे 608 चौरस मीटर. काँक्रीटला 28 दिवस पाणी मारून, ते पूर्ण सुकवून मग ॲक्रिलिक चढवायचं असतं. घाई केली की फोड येतात आणि थर सुटतो. एवढं करून जागा मित्राची! उद्या त्याच्या भावांनी वाटणी मागितली तर कोर्ट उचलून नेता येत नाही. त्यापेक्षा एखाद्या शाळेचं कोर्ट संध्याकाळी भाड्याने घ्या आणि पैसे घालायचेच तर चाकांच्या पोलवर घाला. ते आपल्याबरोबर येतात. लहान मुलांसाठी रिंग 3.05 ऐवजी 2.60 मीटरवर आणता येईल असे पोल बघा, आणि त्यांना 5 नंबरचा बॉल द्या.

या तीन वर्षांत कोचिंगचा कोर्स पदरात पाडून घ्या. रेल्वेच्या जर्सीपेक्षा पटियालाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कागद शाळांच्या कोच भरतीत जास्त चालतो. सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स एलएपीत बसतो. वर्षभराच्या डिप्लोमाला मात्र बिनपगारी रजा घ्यावी लागली, तर ती सेवेत धरली जाईलच असं नाही, आणि तुमची 20 वर्षं तेवढी पुढे ढकलली जातील. जाण्याआधी पर्सोनेल शाखेकडून लेखी उत्तर घ्या.

तोवर फी घेऊन शिकवायचं असेल तर पूर्वपरवानगी लागते. अकादमी बायकोच्या नावावर काढली तरी कुटुंबीयाच्या व्यवसायाची माहिती कार्यालयाला द्यावीच लागते. ती लपवली आणि कुणी तक्रार केली, तर चौकशी चालू असताना स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज अडकू शकतो.