दात दुखत नसतील तरी दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवायचं का?

हो, दुखत नसतानाच दाखवायचं. फक्त 'सहा महिने' हा आकडा सगळ्यांना सरसकट लागू नाही. सोलापुरात दातांच्या दवाखान्यात काम करतो, रोज हेच बघतो. दाताच्या वरच्या कवचाला नस नसते, त्यामुळे कीड तिथे असेपर्यंत काहीच कळत नाही. कडक भाकरी चावताना कळ मारायला लागली की समजायचं, कीड बरीच आत गेलीय. मग सिमेंट भरून भागेलच असं नाही. रूट कॅनल, वर कॅप, आणि खर्च कितीतरी पट. हिरड्यांचंही तसंच. रक्त आलं की लोक डॉक्टर गाठायचा सोडून ब्रश बदलतात!

अंतराचं म्हणाल तर ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या सूचनांत मोठ्यांसाठी धोका बघून 3 ते 24 महिने दिलेत, 18 वर्षांखालच्यांना जास्तीत जास्त 12. आपल्याकडे मिश्री, तंबाखू, मावा किंवा शुगर असेल तर सहा महिन्यांच्या पुढे ढकलू नका. आणि या तीन गोष्टींत तारीख बघत बसायचंच नाही:

- गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा
- तोंडात तीन बोटं उभी न मावणं
- दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम