येळ्ळूरच्या शिवारात भातात पडलेला ड्रोन दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: बेळगावजवळ येळ्ळूरच्या बाजूला शूटिंग करताना वाऱ्यानं ड्रोन भरकटला आणि भाताच्या चिखलात पडला. रात्रभर तिथंच होता, दुसऱ्या दिवशी सापडला. पंखे तुटलेत, पुढचा एक पाय मोडलाय, कॅमेरा वाकडा लोंबतोय. वाळवून बॅटरी लावून बघू का, दुरुस्तीला देऊ, की सरळ नवा घेऊ?

बॅटरी लावू नका. 'चालू होतोय का ते तरी बघू' हा मोह आवरला तर ड्रोन वाचायची शक्यता बरी आहे. नुसत्या पाण्यानं बोर्ड लगेच मरत नाही. गाळाचं पाणी आणि करंट एकत्र आले की तांबं खायला सुरुवात होते, आणि तुमच्याकडं बॅटरी रात्रभर आतच होती, म्हणजे थोडंफार ते झालेलं असणार. आता त्यात भर घालायची नाही एवढंच.

भिजलेली बॅटरी मोडीतच काढा. चार्ज झाली, टक्के दाखवले, तरीही. लिथियम पॉलिमर सेलच्या आत ओल गेली किंवा आपटून थर दाबला गेला तर ती त्याच दिवशी पेटेल असं नाही. आठवड्यानं चार्जिंगला लावल्यावर पेटू शकते. फुगलेली, चेपलेली किंवा गोडसर वास मारणारी असेल तर घरात आणूच नका. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून, त्यात ठेवून डबा अंगणात, गाडी-गवतापासून लांब ठेवा आणि नंतर ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या. कुरियरनं कुठं पाठवायच्या भानगडीत पडू नका. बाकी कशावरही पैसे वाचवा, बॅटरीवर नको.

आता धुणं. हो, धुवायचंच. येळ्ळूर-वडगावकडची काळी माती वाळली की सिमेंटसारखी बसते, मग ती खरवडताना बोर्डावरचे बारीक भाग निघून येतात. ओली असतानाच काढायची. वरचं कव्हर खोला (बारीक स्क्रू कुठला कुठं होता त्याचा मोबाईलवर फोटो काढत जा), आणि इन्व्हर्टरमध्ये घालायला जे डिस्टिल्ड वॉटर मिळतं त्यानं मऊ ब्रशनं गाळ धुऊन काढा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार मागं राहतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडं 'आयपीए' म्हणून मागितलंत तर मिळेल, ९९ टक्केवालं घ्या. ते पाणी ओढून घेतं आणि उडून जातं. कॅमेऱ्याच्या भिंगावर मात्र ते ओतू नका. वाळवायला सावली आणि पंखा. हेअर ड्रायर नको. आपल्याकडच्या पावसाळी हवेत नुसतं उघडं ठेवून काही वाळत नाही, म्हणून पंख्यानंतर सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात दोन-तीन दिवस ठेवा. तांदळाच्या डब्यात खुपसायचा सल्ला कुणीतरी देईलच. बेळगावी बासमती असला तरी त्याचा उपयोग नाही, उलट पिठूळ धूळ मोटरमध्ये जाते. भातातून काढून परत भातातच कशाला घालायचं!

मोटर हा माझा आवडीचा विषय, कारण पोटापाण्यासाठी मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये असतो आणि दिवसभर बेअरिंगचे आवाजच ऐकतो. ड्रोनची ब्रशलेस मोटर पाण्याला फारशी घाबरत नाही. तिला मारतात दोन गोष्टी: वाकलेला शाफ्ट आणि आत अडकलेले कण. आपल्या काळ्या मातीत लोहाचे अगदी बारीक कण असतात, मोटरच्या आत चुंबकं असतात, त्यामुळं धुतल्यावरही ते कण चिकटूनच राहतात. खानापूर-जांबोटीकडच्या तांबड्या मातीतही तेच. बॅटरी काढलेली असताना मोटर बोटानं सावकाश फिरवा. टक-टक अशा समान टप्प्यांनी अडकत फिरली तर ती ठीक आहे, चुंबकांमुळं तसं होतंच. पण कुठंतरी कचकच लागली, वाळू चावल्यासारखं वाटलं, तर आत कण आहेत. चिकटपट्टीची बारीक सुरळी करून, चिकट बाजू बाहेर ठेवून, चुंबक आणि वाइंडिंगच्या (तांब्याच्या तारेच्या गुंडाळीच्या) फटीत सरकवा, फिरवा, बाहेर काढा. पट्टीवर काळी पूड दिसेल. नवी पट्टी घ्या, परत करा. पूड यायची थांबेपर्यंत हे चालू ठेवायचं. कंटाळवाणं काम आहे, पण याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही. काही जण टाचणी घालतात, तिनं वाइंडिंगचं इनॅमल सोलतं आणि मग मोटर खरोखरच जाते. शेवटी बेअरिंगवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, कारण अल्कोहोलनं आतलं वंगण धुऊन गेलेलं असतं. गंज काढायचा स्प्रे मारू नका, तो काही दिवसांनी उडून जातो आणि बेअरिंग कोरडं पडतं.

शाफ्ट वाकलाय का ते बघायला मोटर डोळ्यांच्या रेषेत धरा आणि फिरवा. वरची टोपी डुलताना दिसली तर मोटर बदला. पक्कड घेऊन सरळ करायच्या नादाला लागू नका. आमच्याकडं लेथवर डायल गेज लावूनही एवढा बारीक शाफ्ट परत पूर्ण सरळ येत नाही.

मोडलेला पाय दिसायला मोठा, पण खर्चात लहान. फक्त एक बघा: घडीच्या बऱ्याच छोट्या ड्रोनमध्ये पुढच्या पायांत अँटेना असते. फेव्हिक्विकनं पाय जोडला आणि आतली वायर तुटलेलीच राहिली, तर ड्रोन हातभर अंतरावर झकास उडेल आणि शे-दोनशे मीटरवर सिग्नल सोडेल. शिवाय जिथं मोटर बसते तो हात फेव्हिक्विकवर सोडायचा नसतो. थरथरीनं तो जोड सुटतो, आणि सुटतो तो हवेतच. तो हात अख्खा बदला. पंखे चारही नवे टाका, चिरा दिसत नसल्या तरी. नखानं कड तपासली तर कळतं किती ठिकाणी खाचा पडल्यात.

कॅमेऱ्याचं घाबरून जाऊ नका. आधी रबरी गुंड्या बघा, आपटल्यावर त्या खाचेतून निसटतात आणि सगळा गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी चौकट) लोंबकळतो. त्या चिमट्यानं परत बसवल्या की निम्म्या केसेस तिथंच सुटतात. पुढं खूण अशी: चित्र येतंय पण थरथरतंय किंवा तिरकं आहे, तर बिघाड यांत्रिक आहे, गिंबलची दांडी वाकलीय. चित्रच येत नाही, तर बहुधा चपटी रिबन केबल फाटलीय. रिबन स्वस्त आहे, पण ती घालायला हात बसलेला माणूस हवा. इथं मोबाईल दुरुस्तीवाल्या एखाद्या हुशार पोराला गाठा, ड्रोनचं नाव ऐकून तो 'जमत न्हाई ओ' म्हणेल, पण मायक्रोस्कोप त्याच्याकडंच असतो.

आता पैशांचं. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोन आयात करायला बंदी आहे, सुट्या भागांना नाही. त्यामुळं 'नवा घेऊ' हे म्हणायला सोपं, पण त्याच मॉडेलचा नवा सरळ बिलानं मिळवणं अवघड. म्हणून पाय, पंखे, एखादी मोटर, रिबन एवढ्यावर निभावत असेल तर दुरुस्तच करा. मुख्य बोर्ड आणि कॅमेरा दोन्ही गेले असतील तर करू नका. आणि एक गावठी उपाय: लग्नाचं शूटिंग करणाऱ्या फोटोग्राफरांना विचारा. खडेबाजारापासून निपाणीपर्यंत ज्याच्याकडं ड्रोन आहे त्याच्या कपाटात एक मेलेला ड्रोनही असतो. तुमच्याच मॉडेलचा बोर्ड जळालेला मिळाला तर त्याचा कॅमेरा आणि चारही हात तुमचे. नव्या सुट्या भागांपेक्षा हा सौदा मला नेहमी बरा वाटतो.

जोडून झाल्यावर आधी पंख्यांशिवाय मोटर चालू करून चारींचा आवाज ऐका. मग सपाट जागेवर आयएमयू (ड्रोनचा कल आणि हालचाल ओळखणारा सेन्सर), आणि मोटारसायकल, पत्र्याचं शेड वगैरेपासून लांब जाऊन कंपास कॅलिब्रेट करा. सकाळी वारा नसताना गवतावर दोन मीटरवर तरंगत ठेवा, स्टिकवरचे हात काढा. जागेवर राहतो का बघा. दोन-तीन मिनिटांनी उतरवून, बॅटरी काढून मोटरींना बोट लावा: एक बाकीच्यांपेक्षा गरम लागली तर तिथं काम राहिलंय.

उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटचा नकाशाही बघा. बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते, ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत मोकळीक, त्यापुढं ४०० फूट. शहरात कॅन्टोन्मेंट आहे आणि खानापूरकडं भीमगड अभयारण्य, तिथं विषयच काढू नका.

शेतमालकाला भेटलात का? लावणीच्या भातातून शोधताना रोपं तुडवली गेली असतील. पुढच्या खेपेला ड्रोन पडला तर आधी बांधावर थांबून हाक मारा. आमच्या ओळखीच्या एका मामांनी एकदा 'तुमचं इमान शोधा की ओ, पण माझी रोपं ऱ्हावू देत' असं म्हणत स्वतः ओळींमधून चालत जाऊन ड्रोन आणून दिला होता. ऊस असेल तर मालकाशिवाय शिरूच नका. अॅपमध्ये शेवटची जागा दिसते, बॅटरी शिल्लक असेल तर त्यातूनच बीप वाजवता येतो. आणि विजेच्या तारेवर अडकला तर काठी लावू नका, हेस्कॉमला (इथल्या वीज कंपनीला) फोन करा.

मॉडेल कुठलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते, आणि मोडलेल्या पायाचा आतल्या बाजूनं काढलेला फोटो टाका. अँटेनाची वायर तुटलीय का ते फोटोवरून सांगता येईल.