गळताना कळतं का?

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. युरॉलॉजीत रुजू होतेस, फार बरं वाटलं. कॅन्सरमुळे मूत्राशय काढून आतड्याची नवी पिशवी बसवलेले पेशंट आता तुझ्याकडे येतील. "लघवी गळते" म्हणाले की लगेच स्नायू आवळायच्या व्यायामाचा कागद हातात ठेवू नकोस. आधी विचार, गळताना कळतं का?

ही पिशवी लहान आतड्याच्या साधारण 50-60 सेंटिमीटर तुकड्याची. आतडं उभं चिरून, उलगडून शिवतात, त्यामुळे आतला दाब कमी राहतो. पण मूत्राशयाच्या नसा मूत्राशयाबरोबरच गेलेल्या असतात. लघवी लागल्याची ती जुनी भावना परत येत नाही. कुणाला ओटीपोट जड वाटतं, कुणाला गॅस धरल्यासारखं. तीच आता खूण, आणि ती ओळखू येईपर्यंत घड्याळावर चालायचं: सुरुवातीला दिवसा दर दोन तासांनी, रात्री गजर लावून तीन तासांनी. मग हळूहळू अंतर वाढवत न्यायचं. पिशवी सैलावत 400-500 मिली धरू लागते. त्याहून ताणू देऊ नये.

धरून ठेवायचं काम खालच्या मूत्रमार्गाभोवतीचा स्नायू करतो. त्याची नस बहुधा शाबूत असते. तरी गळतं, कारण मूत्रमार्गाच्या आतल्या अस्तराचीही संवेदना लागते. थेंब तिथे उतरला हे जाणवलं तर माणूस नकळत आवळतो. स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या स्टुडर यांच्या गटाने 1999 साली हेच मांडलं: अशा पेशंटांत मूत्रमार्गाची ही संवेदना कमी झालेली असते. आजूबाजूच्या नसा वाचवून ऑपरेशन करण्याचा आग्रह लैंगिक संबंधांपुरता आहे असं पुष्कळांना वाटतं. कोरडं राहण्याशीही त्याचा संबंध आहे. म्हणून नसा वाचवल्या का, हे ऑपरेशनच्या नोटमध्ये वाचल्याशिवाय पेशंटला हात लावू नकोस.

माझे एक पेशंट, निवृत्त एसटी ड्रायव्हर. स्नायूत ताकद उत्तम, पण खुर्चीतून उठले की गळायचं आणि पँट ओली लागली की मगच कळायचं. त्यांना नुसतं 'जोर वाढवा' सांगून काय होणार? उठण्याआधी, खोकण्याआधी, सामान उचलण्याआधी आवळायचं, एवढं पक्कं करून घेतलं. उठताना ते पुटपुटायचे, "आधी ब्रेक, मग गिअर." दिवसाचे पॅड सुटले.

रात्रीचं वेगळं आहे. मूळ मूत्राशय भरताना झोपेतही स्नायूला घट्ट राहायचा निरोप जातो. या पिशवीकडून तो जात नाही. शिवाय लघवी दाट असली की आतड्याचं अस्तर पिशवीत पाणी सोडतं. म्हणजे रात्री गादी भिजली तर तो पेशंटचा आळस नव्हे, हे त्याच्या बायकोलाही समजावून सांग. रात्रीबद्दल विचारताना मात्र नातेवाइकांना बाहेर थांबव. त्यांच्यासमोर पुरुष खरं सांगत नाहीत.

आणि गळतं म्हणजे स्नायू ढिला असंच नसतं. पिशवी रिकामीच होत नसेल तर ती तुडुंब भरून वरून ओसंडते. बायकांमध्ये हे जास्त दिसतं. अशा बाईला आवळायला शिकवलंस तर नुकसान करशील. तिला स्वतः नळी घालून पिशवी रिकामी करायला शिकवावं लागतं. त्यामुळे लघवी झाल्यावर सोनोग्राफीत किती उरते, हे आधी बघ.

सोमवारी ओपीडीला येताना लघवीच्या नोंदीचे कोरे तक्ते आण. पहिले पेशंट आपण दोघी मिळून बघू.

तुझी,
ताई