इंग्लंडमधली पॅरिश कौन्सिल वर्षभर करते तरी काय?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमधल्या खेड्यात राहायला आल्यावर कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे घरामागच्या स्थानिक कराच्या, बिलात ‘पॅरिश कौन्सिल’ अशी वेगळी रक्कम दिसली, तर हे लोक त्या पैशात वर्षभर काय करतात, आणि यांचा चर्चशी काही संबंध आहे का.

चर्चचा आधी निकाल लावतो. १८९४ च्या कायद्याने गावचा कारभार चर्चकडून काढून निवडून दिलेल्या कौन्सिलकडे सोपवला. नाव तेवढं जुनं राहिलं. चर्चची स्वतःची समिती वेगळी असते आणि तिचं नावही जवळपास तसंच, त्यामुळे चर्चच्या दफनभूमीतल्या गवताच्या तक्रारी अजूनही चुकीच्या माणसाकडे जातात.

मी आमच्या गावच्या कौन्सिलवर सदस्य आहे. निवडणूक वगैरे लढवलेली नाही. जागा रिकामी होती, मी अर्ज केला, बाकीच्यांनी हात वर केले, झालं. खेड्यांत हे सर्रास चालतं, कारण जागा असतात तेवढेही उमेदवार उभे राहत नाहीत. मानधन नाही. पगार एकट्या क्लर्कला, तोही बहुतेक गावांत अर्धवेळ. आपल्याकडच्या ग्रामसेवकासारखंच काम, पण एक मोठा फरक आहे : ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा नोकर असतो, इथला क्लर्क थेट कौन्सिलचा. त्याला नेमायचं आम्ही, पगार ठरवायचा आम्ही, आणि कायद्यात काय बसत नाही हे आम्हाला ऐकवायचं त्याने. चेअरमन दरवर्षी मे महिन्यात सदस्यांतून निवडतात. सरपंचासारखी पाच वर्षांची खुर्ची नाही.

आता मूळ प्रश्न. वर्षाचं काम खरं ठरतं जानेवारीत, आणि त्या मीटिंगला गावातलं कुणी म्हणता कुणी येत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात क्लर्क बजेटचा कच्चा मसुदा मांडतो : गवतकापणी, पथदिवे, विमा, खेळाच्या मैदानाची तपासणी, हॉलचं भाडं, शिवाय यंदा नवीन काय करायचं ते. ती बेरीज जानेवारीत मंजूर करून वरच्या कौन्सिलला कळवायची. याला प्रिसेप्ट म्हणतात. वरची कौन्सिल ती रक्कम तुमच्या कौन्सिल टॅक्सबरोबर वसूल करून आम्हाला देते. समजा गावाला ३०,००० पौंड हवेत आणि हिशेबाला बँड डी ची (टॅक्ससाठी किमतीप्रमाणे पाडलेल्या गटांतल्या मधल्या गटाची) ५०० घरं धरली, तर घरटी वर्षाला ६० पौंड. तुमच्या बिलातली ती ओळ म्हणजे एवढंच.

आपल्याकडे वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो. इथे सरकारकडून दरवर्षी ठरलेलं असं काही येत नाही. प्रिसेप्ट, भाडी, किरकोळ अनुदानं आणि गावात नवी घरं झाली तर बिल्डरकडून येणाऱ्या शुल्कातला वाटा, यावर सगळं चालतं. वरच्या कौन्सिलांना ठरावीक टक्क्यांपुढे टॅक्स वाढवायचा तर सार्वमत घ्यावं लागतं. पॅरिशला ते बंधन आजवर लावलेलं नाही. त्यामुळे वरच्यांचे पैसे आटले की कामं अलगद खाली सरकतात. कॉर्नवॉलमध्ये सार्वजनिक स्वच्छतागृहं अशीच कौन्सिलकडून गावोगावच्या पॅरिश आणि टाउन कौन्सिलांकडे आली. घ्या, नाहीतर बंद होतील, असा एकंदर प्रकार. पॅरिशचा आकडा वाढला म्हणून आरडाओरडा करण्याआधी त्यात कुठलं नवं काम आलंय तेवढं बघा.

उदाहरण म्हणून गाड्यांच्या वेगाचं सांगतो, कारण गावात सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच. मुख्य रस्त्यावर ताशी तीस मैलांची मर्यादा, आणि मीटिंगच्या सुरुवातीला गावकऱ्यांना बोलायला दिलेली जी काही मिनिटं असतात त्यात दर वेळी कुणीतरी उठून म्हणणार की लोक पन्नासने जातात. आता रस्ता काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याएवढ्या भागाच्या वरच्या कौन्सिलचा, वेगमर्यादा ठरवायची काउंटीने, दंड करायचा पोलिसांनी, आणि तिथल्या दिव्याचा खांबसुद्धा आमचा नाही. आमच्या हातात काय, तर वेग दाखवणारी पाटी विकत घेणं. ती घ्यायला बजेटमध्ये तरतूद लागली, खांबाला लावायला काउंटीची परवानगी लागली, आणि परवानगी मिळाली ती ठरावीक खांबांपुरती, तिथेही पाटी आलटून पालटून हलवायची या अटीवर. पाटी बसली. आता एक निवृत्त सदस्य शिडी घेऊन जातात, बॅटरी बदलतात, फोनवर आकडे उतरवून घेतात. पहिल्यांदा आकडे मीटिंगमध्ये वाचले तेव्हा कळलं की सगळ्यात जोरात जाणाऱ्या गाड्या भल्या पहाटे गावातून बाहेर पडणाऱ्या. म्हणजे आपलेच लोक. खोलीत थोडा वेळ कुणी कुणाकडे बघेना. पण तेच आकडे पोलिसांना पाठवले तेव्हा त्यांनी वेग मोजणारी व्हॅन त्या वेळेला उभी केली, नाहीतर ती भरदुपारी यायची. पॅरिशचं बरंचसं काम असं चालतं. स्वतःला अधिकार थोडा, पण ज्याच्याकडे अधिकार आहे त्याच्या मागे कागद घेऊन लागायचं.

प्लॅनिंगचं, म्हणजे बांधकाम परवानगीचंही तेच. शेजाऱ्याने घर वाढवायचा अर्ज केला की तो अर्ज आमच्याकडे मतासाठी येतो, साधारण २१ दिवसांत कळवायचं. मंजुरी देणं-नाकारणं आमच्या हातात नाही. लोकांना हे पटत नाही. ‘तुम्ही परवानगी दिलीच कशी’ हे मी भर दुकानात ऐकून घेतलंय. ज्या गावांनी २०११ च्या कायद्याखाली स्वतःचा नेबरहूड प्लॅन (गावात कुठे काय बांधायचं याचा आराखडा) करून सार्वमतात मंजूर करून घेतलाय, त्यांच्या शब्दाला वजन येतं, आणि बिल्डरच्या त्या शुल्कातला वाटाही १५ टक्क्यांचा २५ टक्के होतो. पण तो प्लॅन करायला वर्षं जातात आणि माणसं थकतात.

रस्त्यावरचे खड्डे बुजवणं आमच्याकडे नाही. कचरा उचलणं नाही, शाळा नाही.

जे पूर्णपणे आमचं आहे ते बघायचं तर गावातून एक चक्कर मारा. बाक, बस थांब्याचं छप्पर, कुत्र्यांच्या विष्ठेसाठीचे डबे, खेळाचं मैदान, भाजीपाल्याचे वाफे. वाफे म्हणजे अलॉटमेंट, जुन्या मापाने एक तुकडा १० रॉडचा, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर. यादी मोठी असते, नाव आजच घालून ठेवा. तुकडे नसतीलच तर गावातल्या सहा मतदारांनी लेखी मागणी केली की कौन्सिलला ती विचारात घ्यावीच लागते, १९०८ च्या कायद्याने. मेथी, अंबाडी लावायची असेल तर हा कायदा तुमच्या उपयोगाचा.

लाल टेलिफोन बूथ बघितला असेल. तो बीटी या टेलिफोन कंपनीकडून १ पौंडाला दत्तक घेता येतो. आमच्याकडे त्यात डिफिब्रिलेटर बसवलाय, हृदय बंद पडलं तर झटका द्यायचं यंत्र. बसवताना फोटो-बिटो निघतात, पण खरं काम नंतरचं : हिरवा दिवा लागलाय का हे नेमाने बघायचं, छातीला चिकटवायच्या पॅडची मुदत संपण्याआधी नवीन मागवायचे, आणि यंत्राची नोंद राष्ट्रीय यादीत ताजी ठेवायची. नोंद नसेल तर ९९९ या आणीबाणीच्या नंबरला फोन करणाऱ्याला ‘तुमच्या चौकात यंत्र आहे’ हे सांगणार कोण? सगळ्या वर्षात मला सगळ्यात मोलाचं वाटणारं काम हेच, आणि वार्षिक अहवालात त्याला जेमतेम एक ओळ.

बाकीचं वर्ष : नोव्हेंबरात युद्धस्मारकापाशी पुष्पचक्र, डिसेंबरात ख्रिसमसचं झाड आणि त्याच्या दिव्यांवरून वाद, उन्हाळ्यात जत्रेला थोडी मदत. अशा मदतीला वेगळा कायदेशीर आधार सापडला नाही तर १९७२ च्या कायद्यातलं कलम १३७ वापरतात, पण त्याला मतदारामागे वर्षाच्या खर्चाची मर्यादा आहे. २०२४-२५ साठी ती १० पौंड ८१ पेन्स होती.

तुम्हाला यात डोकवायचं असेल तर दोन संधी सोडू नका. १ मार्च ते १ जूनच्या दरम्यान एकदा वार्षिक पॅरिश सभा होते. ती कौन्सिलची नसते, मतदारांची असते, म्हणजे जवळपास आपली ग्रामसभाच, फक्त चहाबरोबर केक. दुसरं, उन्हाळ्यात सलग ३० कामाचे दिवस हिशेबाची कागदपत्रं कुणाही मतदाराला बघता येतात, आणि त्यात जुलैचे पहिले १० कामाचे दिवस असावेच लागतात. क्लर्कला कळवायचं, वेळ ठरवायची, बिलं उघडून बघायची. आमच्याकडे अजून कुणी आलेलं नाही, या तुम्ही.

आणि हो, भारतीय पासपोर्ट आहे म्हणून हे आपलं काम नाही असं समजू नका. कॉमनवेल्थ देशाचे नागरिक म्हणून वैध व्हिसावर राहत असाल तरी इथे मतदान करता येतं, मतदार यादीत नाव मात्र घालावं लागतं. सदस्य व्हायला इनडेफिनिट लीव्ह, म्हणजे इथे बेमुदत राहण्याची परवानगी, लागते, आणि वर्षभर त्या गावात किंवा हद्दीपासून तीन मैलांच्या आत राहत असलात तर चालतं. पुढच्या मीटिंगचा अजेंडा किमान तीन दिवस आधी गावच्या काचेच्या फलकावर लागतो. रिकाम्या जागेची नोटीसही तिथेच असते.