हाताला लागेल ते हत्यार

परभणीहून एका वाचकाचा प्रश्न आहे. ते आणि त्यांचे मित्र दर रविवारी मराठीतून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. या खेळात प्रत्येक जण एक पात्र होऊन गोष्ट बोलत पुढं नेतो, एक जण डाव चालवतो आणि काय घडलं ते फासे टाकून ठरतं. मागच्या डावात एका पात्राची तलवार गेली, तेव्हा त्यानं वाड्यातलं मुसळ उचललं. नियमपुस्तकात याला ‘इम्प्रोव्हाइज्ड वेपन’ म्हणतात. त्यांनी केलेला मराठी शब्द ‘सुधारित शस्त्र’. तो बरोबर आहे का?

नाही. सुधारित म्हणजे आधीपेक्षा चांगलं केलेलं, आणि इथं तर वस्तू जशी आहे तशीच उचलली. ‘कामचलाऊ’ अर्थाच्या जवळ जातो, पण त्यात कमीपणा आहे. मुसळाला कामचलाऊ म्हणणं मला पटत नाही.

मुळात ‘शस्त्र’ सोडा, ‘हत्यार’ घ्या. हा शब्द हत्येवरून आला असं पुष्कळांना वाटतं, पण त्याचं नातं हाताशी आहे. हिंदीतल्या ‘हथियार’मध्ये तो हात अजून दिसतो. म्हणून तर सुताराची करवत आणि पटाशीही हत्यारंच. खंडेनवमीला आपल्याकडे तलवारीसोबत विळा, कुऱ्हाड, पहार यांनाही हळदकुंकू लागतं. अवजार आणि शस्त्र यांच्यात आपल्या भाषेनं भिंत घातलेलीच नाही. तेव्हा ‘ऐनवेळचं हत्यार’ म्हणा. खेळताना तोंडात बसतं आणि समजावून सांगावं लागत नाही.

आता मुसळाचं. ते तर बलरामाचं आयुध, मग ऐनवेळचं कसं? नियमपुस्तकाच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीत याची सोय आहे: वस्तू एखाद्या शस्त्रासारखी असेल तर ती त्या शस्त्राप्रमाणे धरता येते, कशासारखीच नसेल तर इजा किती हे चार बाजूंच्या फाशावर ठरतं. मी मुसळ मोठ्या सोट्यात (‘ग्रेटक्लब’) धरेन, म्हणजे आठ बाजूंचा फासा. खरं ऐनवेळचं हत्यार अभिमन्यूचं. धनुष्य गेलं, ढाल-तलवार गेली, तेव्हा त्यानं रथाचं चाक उचललं.

क्रियापदांकडेही लक्ष द्या, कारण जड वस्तूंची खरी गंमत तिथं आहे. काठी हाणतात. धोंडा भिरकावतात, पण पेलण्याइतका असेल तरच. मोठा असेल तर तो डोक्यात ‘घालतात’. वरवंटाही घालतातच, ‘वरवंट्यानं हल्ला केला’ असं आपल्या घरात कुणी बोलत नाही. खेळाडूनं नुसतं क्रियापद नीट वापरलं तरी वजन किती, अंतर किती, एक हात लागला की दोन, हे डाव चालवणाऱ्याला कळतं.

गोठ्यातला प्रसंग आला तर लोढणं विसरू नका. उनाड जनावराच्या गळ्यातला तो दोरीला बांधलेला ओंडका गरगरा फिरवून हाणता येतो, आणि नियमपुस्तकातल्या साखळीच्या गोळ्याशी (‘फ्लेल’ या शस्त्राशी) त्याचं चांगलं जुळतं.