बॅश शेलच्या नव्या आवृत्तीत फक्त 'दोषदुरुस्ती व सुधारणा' असतील, तर चालू सर्व्हरवर ती घ्यावी का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: व्यवस्थित चाललेल्या सर्व्हरवर बॅशची (म्हणजे टाइप केलेले आदेश चालवणाऱ्या 'शेल' या प्रकारच्या प्रोग्रामची) नवी आवृत्ती घ्यावी का, आणि त्यापेक्षा सरळ झी शेल या दुसऱ्या शेलकडे वळावे का. दुसरीचे उत्तर एवढेच, की बॅशसाठी लिहिलेल्या स्क्रिप्ट (आदेशांच्या फाइली) असतील तर वळू नका. पहिल्या गोष्टीवरून मात्र मी कार्यालयात अनेक वर्षे वाद घातला आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

'दोषदुरुस्ती' आणि 'सुधारणा' हे शब्द नेहमी जोडीने छापले जातात, पण दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. दुरुस्तीनंतर शेल आधी ठरल्याप्रमाणे वागू लागते; सुधारणेत जे ठरले होते तेच बदलू शकते.

इंदूरमध्ये आमचे छोटे कार्यालय कापड बाजारातल्या व्यापाऱ्यांची बिले तयार करून देते. बिलाच्या नमुन्यात पेढीच्या नावाच्या जागी '@@नाव@@' अशी खूण असते आणि बॅशची एक स्क्रिप्ट ती काढून तिथे खरे नाव भरते. ही स्क्रिप्ट आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी 2013 मध्ये लिहिली होती. त्यांना आम्ही सगळे काका म्हणत असू. 2019 मध्ये मी त्यांना सुचवले, की भरायचे नाव ज्या व्हेरिएबलमध्ये (स्क्रिप्टमधल्या मजकूर साठवण्याच्या जागेत) आहे त्याला स्वतःची वेगळी दुहेरी अवतरणचिन्हे द्यावीत, कारण त्यातला मजकूर बाहेरून येतो आणि त्यात काय असेल हे आपल्या हातात नाही. काका म्हणाले, "अरे, चालतंय ना? मग कशाला हात लावतोस?" विषय तिथेच संपला.

ऑक्टोबर 2024 मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, आम्ही सर्व्हर उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या 22.04 वरून 24.04 वर नेला आणि त्याबरोबर बॅश 5.1 चे 5.2 झाले. दुसऱ्याच दिवशी एका व्यापाऱ्याचा फोन आला: "भाईसाहब, हमारी फर्म के नाम में ये क्या छाप दिया?" बिल उघडून पाहिले, तर 'अमुक & सन्स' असायला हवे तिथे 'अमुक @@नाव@@ सन्स' छापले होते. त्या दिवशीच्या 312 बिलांपैकी 41 बिलांत हाच प्रकार होता आणि बाकीची अगदी बरोबर होती. कापड बाजारात '& सन्स', '& ब्रदर्स', '& कंपनी' अशा पेढ्या किती असतात, हे इंदूरकरांना सांगायला नको.

रात्री मी तोच नमुना आणि तेच नाव जुन्या यंत्रावर चालवले, तर बिल बरोबर आले. नव्या यंत्रावर चालवले, तर चुकले. नावातले चिन्ह काढून 'अँड' असे अक्षरांत लिहिताच नव्या यंत्रावरही ते बरोबर आले. मग मी बॅशबरोबर येणारी, नव्या आवृत्तीतले बदल सांगणारी 'न्यूज' ही फाइल वाचायला घेतली आणि उत्तर तिच्यात स्पष्ट लिहिलेले सापडले. सप्टेंबर 2022 मध्ये आलेल्या 5.2 मध्ये 'पॅटसब रिप्लेसमेंट' नावाचा पर्याय आला आणि तो आपोआप चालू असतो. त्यामुळे मजकूर बदलताना नव्या मजकुरात अवतरणाबाहेरचे & आले, तर त्या जागी जो भाग शोधून काढला तोच पुन्हा बसतो. सेड या मजकूर बदलण्याच्या साधनामध्ये या चिन्हाचा हाच अर्थ पूर्वीपासून आहे. व्हेरिएबलमधून आलेल्या &लाही हा नियम लागतो, आणि संपूर्ण रचनेला बाहेरून अवतरणे असली तरी आतल्या व्हेरिएबलचे रक्षण होत नाही; त्याला स्वतःची अवतरणे लागतात.

काकांनी निष्कर्ष काढला, की शेल बिघडले आहे. दुसऱ्या सकाळी त्यांनी स्क्रिप्टच्या माथ्यावर तो पर्याय बंद करणारी ओळ घातली, जी त्या दिवसापुरती योग्यच होती, आणि सर्व यंत्रांवर बॅशचे पॅकेज 'होल्ड'वर टाकले, म्हणजे यापुढे सुरक्षेची दुरुस्तीसुद्धा येणार नाही अशी व्यवस्था केली. ही दुसरी गोष्ट मी तेव्हाही मान्य केली नाही आणि आजही करत नाही.

'चालतंय' हा पुरावा नव्हे. 24 सप्टेंबर 2014 रोजी जाहीर झालेला शेलशॉक हा दोष बॅशमध्ये 1989 पासून होता आणि त्या 25 वर्षांत सगळीकडे सगळे 'चालतच' होते. एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमधून (प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या व्हेरिएबलमधून) आलेली फंक्शनची व्याख्या वाचताना, ती व्याख्या संपल्यानंतर पुढे जोडलेला मजकूरही शेल आदेश समजून चालवत असे, त्यामुळे काही वेब सर्व्हरवर दूर बसलेल्या परक्या माणसालाही आदेश चालवता येत होते. पहिला पॅच (छोटी दुरुस्ती) अपुरा ठरला आणि काही दिवसांतच पुढचे पॅच घ्यावे लागले. ज्याने त्या आठवड्यात बॅश होल्डवर ठेवले असेल, त्याने स्वतःचे दार उघडे ठेवले होते.

म्हणून आपल्यालाही हेच सांगतो, की 5.2.21 सारख्या क्रमांकात शेवटचा आकडा पॅचचा असतो आणि तेवढाच वाढला असेल तर अपडेट लगेच घ्या. 5.1 चे 5.2 होत असेल, तर आधी 'न्यूज' आणि जुन्या आवृत्तीशी न जुळणारे बदल सांगणारी 'कॉम्पॅट' या दोन्ही फाइली वाचा आणि स्क्रिप्ट &, *, रिकामी जागा आणि अवतरणचिन्हे असलेल्या खऱ्या नावांवर चालवून पाहा. वाचायला वेळ नाही म्हणून अपडेटच बंद करणे हा निव्वळ आळस आहे.

काकांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी: असा बदल आपोआप चालू ठेवायला नको होता, असे माझेही मत आहे. शिवाय मी सुचवलेली आतली अवतरणे सगळीकडे सारखी वागत नाहीत. 4.2 पर्यंतच्या बॅशमध्ये बाहेरूनही दुहेरी अवतरणे असतील तर आतली अवतरणे निकालात तशीच छापली जातात, आणि मॅकबरोबर येणारे बॅश अजून 3.2 आहे. तो पर्याय बंद करणारी ओळही जुन्या बॅशला समजत नाही आणि ते त्रुटी दाखवते.

काका गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्यानंतरच्या सोमवारी मी सर्व यंत्रांवरचा होल्ड काढला, स्क्रिप्टमध्ये 23 ठिकाणी व्हेरिएबलला अवतरणे घातली, ती 41 बिले पुन्हा छापून एकेक नाव ताडून पाहिले आणि मगच माथ्यावरची ती ओळ पुसली.