मिणमिणणे की लुकलुकणे?

प्रश्न असा: हवेतून जाणाऱ्या लेझरच्या सिम्युलेशनवरचा मजकूर मराठीत आणताना ‘सिंटिलेशन’ला, म्हणजे प्रकाशाची तीव्रता क्षणाक्षणाला वर-खाली होण्याला, ‘मिणमिणणे’ म्हटलं तर चालेल का?

नाही, ‘लुकलुकणे’च हवं. ही दोन क्रियापदं मॉडेलमधल्या दोन वेगळ्या हिशेबांची आहेत.

हिवाळ्यात रात्री मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कातून राणीच्या हाराकडे, म्हणजे मरीन ड्राइव्हच्या दिव्यांच्या रांगेकडे बघा. नरिमन पॉइंटकडचे दिवे धुरक्यात मंद, पिवळट दिसतात. ते मिणमिणणं. तिथे प्रकाशच कमी पोचतो, धुळीचे कण आणि थेंब तो शोषतात, इकडेतिकडे विखुरतात. दृश्यमानता 10 किलोमीटर असेल, तर 3 किलोमीटरवर हिरव्या प्रकाशाचा जेमतेम 31 टक्के उरतो. 1550 नॅनोमीटरचा अवरक्त लेझर, दृश्यमानतेवरून प्रकाशाची घट काढणाऱ्या क्रूझच्या सूत्राने, 74 टक्के पोचतो. एका गुणाकारात काम भागतं.

त्याच दिव्यांचं तेज क्षणाक्षणाला कमीजास्त होतं, ते लुकलुकणं. इथे दोष धुळीचा नाही; गरम-गार हवेचे भोवरे अपवर्तनांक सतत हलवत असतात. दहावीच्या विज्ञानात ताऱ्यांच्या लुकलुकण्याचं कारण दिलंय, तेच हे. याला गुणाकार पुरत नाही. वाटेचे दहा-वीस तुकडे पाडायचे, प्रत्येकावर हवेतल्या खळबळीच्या कोल्मोगोरोव्ह नियमाने यादृच्छिक फेज स्क्रीन, म्हणजे लहरीची कला जागोजागी मागेपुढे करणारा काल्पनिक पडदा घालायचा, दोन पडद्यांमध्ये एफएफटीने (फूरिए रूपांतर झटपट काढायच्या गणिती पद्धतीने) लहर पुढे न्यायची. नवे पडदे घेऊन हे शेकडो वेळा. शेवटी रिसीव्हरवर पोचलेल्या तीव्रतेचं व्हेरियन्स (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) तीव्रतेच्या सरासरीच्या वर्गाने भागायचं: हा सिंटिलेशन इंडेक्स, मराठीत खुशाल ‘लुकलुक-अंक’ म्हणा. आता सगळ्या तीव्रतांना 0.31 ने गुणून बघा. वर-खाली दोन्हीकडे 0.31 चा वर्ग येतो, उडून जातो, अंक जागचा हलत नाही. दिवा कितीही मिणमिणो, लुकलुक तेवढीच. म्हणून ‘मिणमिण-अंक’ लिहिलात तर वाचक धुक्याकडे बोट दाखवेल, आणि सूत्रात धुकं नाहीच.

‘बीम वाँडर’ला मात्र ‘किरणाचा हेलकावा’ म्हणावं, कारण तिथे अख्खा ठिपकाच सरकतो. साध्या एफएफटी पडद्यात, तो ज्या बिंदूंच्या जाळीवर मांडतात तिच्या रुंदीपेक्षा मोठे भोवरे मावत नाहीत, म्हणून हेलकावा खऱ्यापेक्षा कमी येतो. सबहार्मोनिक्स, म्हणजे जाळीपेक्षा लांब लहरी, वेगळ्या मिळवाव्या लागतात.

एक अपवाद. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ज्या सिंटिलेशन डिटेक्टरचं नाव ऐकू येतं, त्यात प्रारण स्फटिकावर आदळून चमक उठते. तिथे ‘लुकलुक’ वापरू नका; ‘चमक’ म्हणा.